चित्रतुरग आणि स्वार

नक्कल इतकी साधली की ती मुळापासून वेगळी ओळखू येईना, तर त्यानंतरही मुळाचा आग्रह धरणे हा विवेक म्हणावा की नुसता हट्ट? हा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरी एका गिटारीच्या निमित्ताने उभा राहिला. गिटार या वाद्याशी आमचा जन्मात कधी संबंध आला नाही, म्हणून प्रथम तो आम्हांस पोरखेळ वाटला. पण विचार करू लागलो तसतसा तो गिटारीवरून सरकत सरकत आमच्या मंडळाच्या कोठीच्या खोलीत, भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या दोन तंबोऱ्यांपाशी येऊन थांबला. आणि मग तो पोरखेळ राहिला नाही.

आमच्या थोरल्या भगिनीचा नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो आणि फावल्या वेळात मित्रांसह गिटार वाजवतो. दिवाळीस तो उज्जैनला आला तेव्हा गिटारीसोबत मिठाईच्या खोक्याएवढे एक यंत्र होते. त्यास मॉडेलर म्हणतात असे कळले. हे प्रकरण काय आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या पिढीतील बहुतेकांची समजूत अशी की गिटारीचा आवाज गिटारीतच असतो. विजेच्या गिटारीचा तो तसा नसतो. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. नुसत्या तारा छेडल्या तर शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाहीत. तिचा कंठ म्हणजे तिला जोडलेला अॅम्प्लिफायर, आणि जुन्या चांगल्या अॅम्प्लिफायरचे हृदय म्हणजे त्यातील काचेचे व्हॉल्व्ह. वाचकांपैकी अनेकांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ असेल. आमच्याकडे होता. बटण फिरवले की काही क्षण काहीच घडत नसे. मग आतल्या नळ्या तांबूस उजळत, आणि निवेदकाचा आवाज विहिरीतून वर यावा तसा हळूहळू वर येई.

व्हॉल्व्हचा एक दोष आहे. त्याच्यावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला की तो आलेल्या लहरीस प्रामाणिकपणे मोठे करीत नाही. तिचे शेंडे दाबतो, आणि त्या दाबण्यातून मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात. रेडिओत हा दोष नको असे. गिटारवादकांनी मात्र १९५०-६० च्या दशकांत त्याच दोषावर प्रेम केले. अमेरिकेत फेंडर, लंडनमध्ये १९६२ पासून मार्शल, अशा कंपन्यांची नावे या बिघडलेल्या आवाजामुळेच अजरामर झाली. परंतु ही यंत्रे जड, तापणारी आणि महाग. शिवाय त्यांचा खरा रंग खुलतो तो शेजारी पोलिसांत जातील इतक्या मोठ्या आवाजात. म्हणून संगणकाने त्यांचे सोंग वठवण्याचा उद्योग सुरू झाला. लाइन ६ या कंपनीचा पॉड १९९८ साली आला. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे यंत्र, २०११ मध्ये जर्मनीतील केम्परचे. या शेवटच्याने तर नवीच तऱ्हा काढली. खऱ्या अॅम्प्लिफायरला तो ठरावीक ध्वनिसंदेश पाठवतो, परत काय येते ते तपासतो, आणि त्यावरून त्याची प्रतिमा तयार करतो. आता तेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेची जाळी करतात: मूळ यंत्र आणि नक्कल यांतील फरक शून्याच्या जवळ येईपर्यंत स्वतःस सुधारत राहतात.

नातवाने आमची परीक्षा घ्यावयाचे ठरविले. त्याने पुण्यात एकच वादन गिटारीतून थेट नोंदवून ठेवले होते, आणि तोच विद्युत्संदेश एकदा खऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रातून व एकदा मॉडेलरमधून काढून दोन ध्वनिमुद्रणे केली होती. आमच्या कानांस यंत्र लावून त्याने ती उलटसुलट क्रमाने बारा वेळा ऐकवली. आम्ही सातदा बरोबर आलो. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी सहाच्या आसपास आलीच असती, हे त्याने नम्रपणे सांगितले. आयुष्यभर गाणे ऐकल्याचा आमचा अभिमान तिथल्या तिथे जमा-खर्च होऊन गेला.

आम्ही म्हणालो, "मग तर प्रश्नच मिटला. हलके, स्वस्त आणि तसेच. जुने यंत्र हवे कशाला?"

तो म्हणाला, "ऐकायला काही फरक नाही, आजोबा. वाजवताना आहे. मला दोन्ही वाजवायला द्या, डोळे बांधा, दोन मिनिटांत सांगेन."

आम्हांस हे प्रथम तरुणांच्या फुशारकीसारखे वाटले. पण तो मुलगा हिशेबी आहे. त्याने कारणे सांगितली ती अशी. जोराने आघात केला की जुन्या यंत्रात वीज क्षणभर खचते. स्वर दबतो आणि मग फुलतो. बोटांना तो दबलेला क्षण कळतो आणि पुढचा आघात त्या मानाने पडतो. दुसरे असे की, मोठा आवाज खोलीभर पसरून परत गिटारीच्या तारांवर येऊन आदळतो, तार त्याने हलत राहते. वादक आणि यंत्र यांच्यामध्ये अशी देवाणघेवाण चालू असते. कानाला लावलेल्या यंत्रातून मॉडेलर ऐकले की तार बिचारी एकटी. काही लोक संगणकाच्या विलंबाकडे बोट दाखवतात; पण तो दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा असतो, आणि हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो हे धरले तर तेवढा उशीर अॅम्प्लिफायरपासून मीटरभर दूर उभे राहिल्यानेही होतोच. तेव्हा ते कारण फार मोठे नव्हे. नवीन यंत्रे आघाताचे दबणे-फुलणेही पुष्कळसे साधू लागली आहेत, असेही तो प्रांजळपणे म्हणाला.

त्या रात्री आम्हांस जे सुचले ते असे. आमची घेतलेली परीक्षा चुकीची नव्हती, पण तिच्यातून हात वगळलेला होता. वादन आधीच पुरे झाले होते. मग ते खऱ्या यंत्रातून काढा की खोट्या, यंत्राने वादकास जे उत्तर दिले असते ते ऐकून वादन बदलण्याची सोयच उरली नव्हती. ऐकणाऱ्याच्या बाजूने घेतलेली परीक्षा ऐकणाऱ्याच्याच बाजूने निकाल देणार.

भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला, तो येथे आठवतो. शंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत त्याचे मत नोंदवले म्हणून ते आपणांस ठाऊक. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' असे जे ज्ञान होते, ते यथार्थ नव्हे, मिथ्याही नव्हे, संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. ते या चारांहून निराळेच आहे, आणि नट रंगभूमीवर राम म्हणून उभा राहतो तेव्हा प्रेक्षकास असेच ज्ञान होते, असे शंकुकाचे म्हणणे. अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी या मताचा समाचार घेतला तो भाग निराळा. आम्हांस या दृष्टान्तात आजवर न दिसलेली एक गोष्ट त्या रात्री दिसली. त्यात पाहणारा आहे, घोडा आहे, चित्रकारही गृहीत आहे, स्वार नाही. चित्रातील घोड्याबद्दल पाहणाऱ्याची तक्रार नसेलही. स्वाराला विचारले तर तो रिकीब शोधील.

आता तंबोऱ्यांकडे वळतो. आमच्या मंडळाचे दोन तंबोरे मिरजेचे. आमच्या वडिलांच्या पिढीने वर्गणी काढून आणवले. मिरजेची ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली. शस्त्रांना पाणी देणारे शिकलगार तेथे वाद्ये घडवू लागले आणि फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून घराणीच्या घराणी त्यात मुरली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि श्रुतींचा शोध घेणाऱ्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना त्यांच्या गळ्याचा मोठा आधार झाला. हे देवल सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. सरकारी नोकरीतून सुटलेला मनुष्य इतके उपयुक्त काम करू शकतो, याचा आम्हांस आमच्यापुरता दिलासा वाटतो.

तंबोऱ्याचा आवाज हाही, व्हॉल्व्हप्रमाणे, एका सुंदर दोषातून जन्मतो. तार घोडीच्या धारेवर टेकलेली नसते. घोडीचा माथा सपाट, किंचित उतरता असतो आणि कंप पावणारी तार त्यावर चाटून चाटून जाते. तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तर स्वर मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तंबोऱ्यात आणि वीणेत, पाश्चात्त्य नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटूच नयेत तेही उमटतात, आणि त्याचे कारण ही घोडी. खर्जातून कोणी न छेडलेला गंधार आपण होऊन उगवतो, त्यास आपले लोक स्वयंभू म्हणतात ते उगीच नव्हे. (चित्रतुरगाच्या चर्चेत शेवटी घोडीच आली, हा योगायोग आमचा नव्हे, भाषेचा.)

विजेचा तंबोरा बंगळूरचे बासरीवादक व अभियंता जी. राज नारायण यांच्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. पुढे तो सुधारत गेला, खऱ्या तंबोऱ्याची ध्वनिमुद्रणे त्यात भरली गेली, आणि आज तर तो मोबाइलमध्ये फुकटही मिळतो. आमच्या मंडळात तो १९९४ साली आला, आणि तो आणण्याचा ठराव लिहिणारे आम्हीच. तेव्हा आम्ही मंडळाचे चिटणीस होतो. तंबोऱ्यांची जवारी काढून घेण्यास दर दोन-तीन वर्षांनी माणूस शोधावा लागे. पावसाळ्यात खुंट्या फुगत, उन्हाळ्यात सैल पडत. गणेशोत्सवात गायक खोळंबून राहत. कार्यकारिणीच्या सभेत पेटी शेजारच्या खोलीत लावून सर्वांना ऐकवली. सर्वांनी माना डोलावल्या. आमच्या हातचे टिपण कार्यवृत्तात आजही आहे: श्रोत्यांच्या दृष्टीने फरक जाणवत नाही, खर्चात बचत आहे, सबब खरेदीस मंजुरी द्यावी. असे टिपण लिहिण्याची सवय आम्हांस कचेरीतून लागलेली होती आणि ते निर्दोष होते. त्यात 'श्रोत्यांच्या दृष्टीने' हे शब्द आम्हीच घातले होते, हे आज वाचताना लक्षात येते. तंबोऱ्यावर बसणाऱ्यांच्या दृष्टीने काय, असे कोणी विचारले नाही. त्या सभेत तंबोऱ्यावर बसणारे कोणी नव्हतेही.

बसत असे आमची ताई. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मंडळातील प्रत्येक गाण्याला तिचा एक तंबोरा ठरलेला. ती स्वतः कधी मैफलीस गायली नाही. लग्नानंतर त्याची शक्यताही संपली. सुदैवाने सासर उज्जैनातलेच, म्हणून तंबोरा तेवढा सुटला नाही. बाहेरगावचा गायक आला की तो येण्याआधी अर्धा तास ही खोलीत बसून तंबोरा जुळवी, मग तो आपल्या पट्टीत पुन्हा जुळवून घेई, आणि त्या दोन जुळवण्यांमधला फरक तिला दुसऱ्या दिवशी दिवसभर पुरे. देवासला कुमार गंधर्वांच्या बैठकीस आम्ही तिला घेऊन गेलो होतो. तंबोरे जुळवण्यात त्यांनी घालवलेला वेळ आम्हांस लांबला असे वाटले. परतीच्या बसमध्ये ताई गाण्याविषयी फार बोलली नाही, त्या जुळवण्याविषयीच बोलत राहिली. पेटी आली आणि तिला बोलावणे थांबले. कोणी तिला येऊ नको असे सांगितले नाही. तशी गरजच पडली नाही. ती पुढे श्रोत्यांत बसू लागली, नंतर गुडघ्यांमुळे तेही कमी झाले. ती आमची सख्खी बहीण, आणि तिला काय वाटले असेल हे आम्ही तीस वर्षांत विचारले नाही.

येथे न्यायाने दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे म्हाताऱ्याचे रडगाणे व्हायचे. ज्या मुलीच्या घरी तंबोरा ठेवण्यास जागा नाही, विकत घेण्यास पैसे नाहीत, जुळवून देण्यास गुरू रोज येत नाही, तिला मोबाइलमधल्या षड्जाने रियाज करता येतो, हा लहान उपकार नव्हे. जुन्या वाद्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या मुलीला तंबोरा घेऊन दिलेला नाही. शुद्धतेच्या नावाने नव्या वाद्यास बंदी घालून काय होते तेही आपण पाहिलेले आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. तेवढ्या काळात महाराष्ट्रातील एकाही भजनी मंडळाने पेटी नदीत सोडली नाही. परिपत्रकाने कान घडत नाहीत, हे परिपत्रके काढण्यात उमर गेलेला मनुष्य म्हणून आम्ही खात्रीने सांगतो.

शिवाय प्रामाणिकपणाचा मुद्दाही येथे फारसा टिकत नाही. पेटी कोणाची फसवणूक करीत नाही. ती गायकासमोर उघड ठेवलेली असते. २००२ च्या गणेशोत्सवात भर विलंबित ख्यालात वीज गेली आणि पेटी मुकी झाली, तेव्हा तर ती काय आहे हे सभागृहातील लहान मुलांनाही कळले. गायक मात्र तीन-चार मिनिटे त्याच षड्जावर अंधारात गात राहिला, कारण त्याच्या गळ्यात तो ज्या वयात बसला त्या वयात तो कोणाच्या तरी मागे बसून तंबोरा छेडत होता.

आमची अडचण इथे आहे. गिटारीचे मॉडेलर आणि विजेचा तंबोरा या दोन्ही नकला खऱ्या, पण त्या एका जातीच्या नाहीत. मॉडेलरला हात लागतो. वादकाने आघात केल्याशिवाय तो बोलत नाही, आघात हलका तर हलके बोलतो. त्याचे उत्तर अपुरे असेल, पण प्रश्न तो ऐकतो. चित्रातला असला तरी त्या घोड्यावर स्वारास बसू दिलेले आहे, आणि स्वाराच्या तक्रारी ऐकून त्याचे कर्ते दरवर्षी त्याला सुधारतात. विजेच्या तंबोऱ्यात स्वार नाहीच. बटण दाबले की तो आपोआप छेडला जातो. त्याची परीक्षा घ्यावयाची तर ऐकणाऱ्याच्याच बाजूने घेता येते, आणि त्या परीक्षेत तो उत्तीर्ण आहे. ज्या नकलेची आम्ही दिवाळीत थट्टा करणार होतो तीच अधिक सभ्य निघाली, आणि जी आम्ही गंभीरपणे ठराव करून आणली तिने एक माणूस उठवला.

हा दोष यंत्राचा असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. पेटी लावून तिच्या जोडीला तंबोऱ्यावर माणूस बसवणारे गायक पुष्कळ आहेत. आम्हीही तसे करू शकलो असतो. आम्हांस वस्तू बदलावयाची होती. वस्तूबरोबर एक काम, एक बसण्याची जागा आणि शिकण्याची एक वाट जाते, याचा जमा-खर्च आमच्या टिपणात नव्हता. मागे बसून छेडणारा गायकाच्या श्वासाच्या अंतरावर असतो. भोपळा मांडीशी, दांडी खांद्याशी, स्वर हाडांतून येतो. त्या जागेवरून जे ऐकू येते ते पहिल्या रांगेतूनही ऐकू येत नाही. ऐकण्यात आणि हाताने ऐकण्यात हा फरक असेल, तर तो ध्वनिमुद्रणात सापडत नाही म्हणून तो नाहीच, असे आम्ही कोणत्या अधिकाराने म्हटले?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला, तो तंबोरा मला पाहायचा आहे. कोठीची किल्ली आमच्याकडे आहे. एकाच्या भोपळ्यास तडा गेला आहे, दुसरा शाबूत आहे. तो आम्ही ताईकडे रिक्षाने आणला. तिची बोटे आता खुंट्या पिळू शकत नाहीत. त्या मुलाने पिळल्या, ती "वर, अजून, थांब, उतर" म्हणत राहिली. जवारीला सूत नव्हते, तिने शिवणाच्या डब्यातले काढून दिले. पाऊण तास लागला. मग आम्ही, एवढ्या वर्षांनी, तिला विचारले.

ती म्हणाली, "अरे, पेटी चांगलीच होती. सुरात होती. मी तरी इतकी सुरात कुठे असायची." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला कोणी विचारायला हवं होतं की नाही?"

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत दोन्ही तंबोरे मिरजेस दुरुस्तीसाठी पाठवावेत असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. खजिनदारांनी खर्चाबद्दल हरकत घेतलेली नाही. त्यांनी प्रस्तावाच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहून पाठवले आहे: दुरुस्त होऊन आल्यावर छेडणार कोण, त्यांची नावे द्यावीत. नावे आम्ही शोधत आहोत. आजवर एकच मिळाले आहे, आणि ते पुण्यात असते.